उजवीकडची डिस्क

"हे निघत नाही," असं आमच्या मेकॅनिक फर्नांड सूसीनं, म्हणजे फर्ननं, चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं, आणि आमच्या दरीत ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. मेन राज्याच्या अगदी टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथं आम्ही राहतो. नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर बर्फ, आणि तो वितळावा म्हणून तितकेच महिने सरकारी गाड्या मीठ फेकत फिरतात. बर्फ वितळतो की नाही देव जाणे, आमच्या गाड्या मात्र वितळतात. पंधरा वर्षांच्या पिकअपखाली डोकं घातलं की भुरभुर गंज डोळ्यांत पडतो. नट कुठं संपला आणि बोल्ट कुठं सुरू झाला हे ज्यानं बनवला त्यालाही सांगता येणार नाही.

इतर मेकॅनिक अशा वेळी गॅस पेटवतात, नाहीतर घण घालून तुकडे करतात आणि नवं सामान गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. फर्नला त्याची चीड होती. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची लोखंडी थाळी, हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, गंजून बसली की तो आधी वायर ब्रशनं मधला भाग घासून काढायचा, फटीत तेल सोडायचा, आणि मग चाक अडकवायच्या दोन स्टडच्या मधोमध हातोड्याचे तीन घाव. जोरात नव्हे, नेमके. मग डिस्क जराशी फिरवायची, पुन्हा तीन घाव. मग हातोडा खाली ठेवून स्वस्थ बसायचं, कारण तेलाला आत शिरायला वेळ लागतो आणि घाई त्याला कळत नाही. तास गेला तरी फर्न कपाळाला आठी पडू द्यायचा नाही. शेवटी डिस्क सुटायची. अख्खी सुटायची.

गॅरेजात शेगडीजवळ उलट्या बादलीवर म्हातारा उबाल्ड डेगल बसलेला असायचा. त्याला घरी कुणी नव्हतं आणि तोंडाला कुलूप नव्हतं. "फर्न," तो म्हणायचा, "लोरेनशी इतक्या हळुवारपणे वागला असतास ना, तर बाई अजून घरात असती."

"तिला गंज चढला नव्हता," फर्न गाडीखालून म्हणायचा. "ती चांगली गुळगुळीत निसटली." लोरेन, म्हणजे फर्नची बायको, वीस वर्षांपूर्वी कनेक्टिकटला बहिणीकडे म्हणून गेली ती गेलीच. मूलबाळ नव्हतं. त्याच्या रक्ताचं म्हणावं असं गावात एकच माणूस, धाकटी बहीण डेलिया. आणि तिचा नवरा रोझेर मिशो, जो मेहुणा कमी आणि मित्र जास्त होता. हरणाच्या शिकारीला दोघं तीस वर्षं एकत्र गेले. एकमेकांशी दिवसभरात दहा शब्द बोलायचे आणि खूश होऊन परत यायचे.

आता स्टिकरचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे. आमच्या राज्यात गाडी दर वर्षी तपासून घ्यावी लागते. परवाना असलेला मेकॅनिक ती तपासतो आणि ठीक असेल तर काचेवर आतून स्टिकर लावतो. नियम म्हणतो, चाकं काढा, ब्रेक मोजा. पण आपल्या माणसाच्या गाडीची चाकं काढायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणायचं, असं आमच्याकडे समजतात. तो म्हणतोय ना गाडी ठीक आहे, मग तू कोण मोठा लागून गेलास? म्हणून हॉर्न वाजवायचा, दिवे बघायचे, चाकाच्या भोकांतून बॅटरी मारून डिस्कला दोन्ही अंगांनी आवळणाऱ्या पॅडपैकी बाहेरचा किती जाड उरलाय ते बघायचं, आणि चिकटवायचं. मग त्या घरी जेवून यायचं. फर्नच्या बापानं असंच केलं, फर्ननंही केलं. कामात इतका चोख माणूस, पण स्टिकरच्या बाबतीत तोही आमच्यातलाच होता.

गेल्या ऑक्टोबरात रोझेर आपली जुनी पिकअप घेऊन आला. गाडीची निगा राखावी तर त्यानंच. बर्फ पडायच्या आत दर वर्षी गाडीच्या पोटाला जळकं तेल फासायचा आणि मग कच्च्या रस्त्यावरून दामटायचा, म्हणजे धूळ बसून थर पक्का होतो. पण ब्रेकला काही तेल फासता येत नाही. गंजाला त्या गाडीत शिरायला तेवढी एकच वाट होती. फर्ननं जॅक ओढला, तशी बाजूच्या सीटवरून डेलियानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"ए, काय करतोयस? चाकं काढत बसणार आहेस की काय? पीठ भिजवून ठेवलंय मी, तवा चुलीवर आहे. कुट्टूची धिरडी तव्यावरून उतरली की तोंडात गेली पाहिजेत, तुझ्यासाठी ती थांबायची नाहीत."

"नियम आहे, बाई."

"नियम माझ्या सासूला सांग. वरून बघ, चिकटव आणि चल."

रोझेर नुसता हसला. फर्ननं जॅक पायानं मागं सारला, बॅटरी मारली, चारही बाहेरचे पॅड जाड दिसले, आतले तिथून दिसतच नाहीत, आणि स्टिकर लावला. त्या दुपारी त्यानं चौदा धिरडी खाल्ली, लोणी लावून.

त्याच महिन्यात लाकूड गिरणी बंद पडली. रोझेरनं तिथं अडतीस वर्षं काढली होती. करवतीच्या आवाजानं कान अर्धे गेलेले. हिवाळाभर तो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिला. दाढी करेना, शिकारीला येईना. फर्न दोनदा बोलवायला गेला, तर "बघू" म्हणाला. आणि फेब्रुवारीत, लख्ख ऊन पडलेल्या दिवशी, कोरड्या रस्त्यावर, चर्चच्या उतारावरून खाली आलेली त्याची पिकअप थांब्याच्या पाटीवर थांबलीच नाही. सरळ नदीच्या रस्त्यावर, ओंडक्यांच्या ट्रकपुढं. ट्रकनं ड्रायव्हरचं दार आत दाबलं. रोझेर जागच्या जागी गेला.

रस्त्यावर ब्रेक मारून चाक घासल्याची एकही रेघ नव्हती. शेरीफच्या माणसानं वाकून चाकाच्या भोकांतून बॅटरी मारली, बाहेरचे पॅड जाड दिसले, आणि लिहिलं, ब्रेक ठीक. झालं! गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. अडतीस वर्षांची नोकरी गेलेला माणूस, हिवाळाभर खिडकीत बसलेला, आणि रेघ नाही. तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही. प्रेतयात्रेला सगळं गाव आलं. पण बायका डेलियाचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवायच्या आणि डोळ्यांत बघायच्या नाहीत. तिला काय ते कळत नव्हतं?

गाडी ओढून न्यायचं काम फर्नचंच, कारण ओढायची गाडी त्याच्याचकडे. पिकअप पाच आठवडे त्याच्या आवारात बर्फाखाली उभी राहिली. बर्फ फार आहे, म्हणून तो तिच्याजवळ गेला नाही असं तो उबाल्डला सांगायचा. उबाल्डनं एकदाच तोंड उघडलं, "बर्फ तर दरवर्षीच असतो रे," आणि फर्ननं त्याच्याकडे असं बघितलं की म्हातारा गप्प झाला.

मार्चच्या शेवटी डेलिया आली. नवऱ्याचा शिकारीचा कोट घातलेला, केस विंचरलेले नाहीत. "उबाल्ड, तू घरी जा," ती म्हणाली, आणि उबाल्ड एकही टोमणा न मारता उठून गेला. असं आजवर झालं नव्हतं.

"फर्न, रोझेरची गाडी आत घे आणि ब्रेक खोल."

"त्यात काय उरलंय, डेलिया? चुराडा झालाय."

"पुढची चाकं शाबूत आहेत, मी आत्ताच बघून आले. डिस्क काढून दाखव मला. ब्रेक ठीक होता की गेलेला होता, एवढंच मला कळू दे." ती बादलीवर बसली. "त्या दिवशी सकाळी मी त्याला बोलले होते. 'या खिडकीत बसून सडणार आहेस तू,' असं म्हटलं मी. त्यानं टोपी घातली आणि गेला. फर्न, तो मला सोडून गेला की गाडीनं त्याला नेला? मला झोप नाही. दुसऱ्या कुणाला विचारू?"

 ब्रेक ठीक निघाला तर रोझेर स्वतःहून गेला, आणि बहीण उरलेलं आयुष्य ते एक वाक्य चघळत बसणार. ब्रेक खराब निघाला तर तो ऑक्टोबरातच खराब होता, आणि काचेवर स्टिकर फर्नचा. पाच आठवडे तो बर्फामागं लपला होता तो यासाठीच. "आणतो आत," तो म्हणाला.

डावी बाजू अर्ध्या तासात सुटली. डिस्क गंजलेली होती, पण दोन्ही अंगांना पॅड घासतो तो पट्टा चकचकीत होता. फर्ननं ती बाकावर ठेवली. "ही बाजू चांगली आहे."

"चांगली म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक लागला असता."

डेलियाचा चेहरा पडला. ती कोटाची गुंडी नुसतीच पिळत राहिली. आणि फर्नला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी हायसं वाटलं. बहिणीचा नवरा जीव द्यायला गेला होता असं निघतंय आणि आपल्याला बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. त्यानं जॅक उचलला आणि उजवीकडे गेला.

उजवं चाकच मुळी हबला चिकटलेलं होतं, लाथा घालून काढावं लागलं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट निघाले. कॅलिपर हातात आला तो ब्रेकच्या तेलानं ओला. पॅडला दाबणारा आतला पिस्टन पार बाहेर येऊन वाकडा अडकलेला. बाहेरचा पॅड जाड, अगदी ठणठणीत. आतला नुसता लोखंडी पत्रा. त्यावरचं घासणारं लायनर नव्हतं.

"तो तुकडा कुठं गेला?" डेलियानं विचारलं. मेकॅनिकची बहीण ती, तिला पॅड कसा असतो ते ठाऊक होतं.

"पत्र्यावर गंज धरला की तो फुगतो आणि लायनरला उचकटून टाकतो. आधी चिरा पडतात, मग एक दिवस सुटतं." त्यानं पत्रा उलटा करून बघितला. "टकरीतही सुटलं असेल."

"मग कसं कळायचं?"

"डिस्कच्या आतल्या अंगावरून. आधीच सुटलं असेल तर लोखंडावर लोखंड घासून खाचा पडल्या असतील. टकरीत सुटलं असेल तर गुळगुळीत असेल."

बोलता बोलता त्याची तर्जनी सवयीनं डिस्कच्या मागं गेली. खाच लागली. मग दुसरी. नख पूर्ण आत गेलं. फर्ननं बोट बाहेर काढलं आणि चिंधीला पुसलं.

"काय लागलं?"

"गंज," तो म्हणाला, आणि हातोडा घेतला.

तीन घाव. फिरवायचं. तीन घाव. मग तेल, मग थांबायचं. डिस्क खरोखरच बसली होती. आजवर इतकी बसलेली डिस्क त्यानं पाहिली नव्हती. तो घाव घालत होता आणि आतल्या आत हिशेब चालला होता, की आपण चाळीस वर्षांत कधी म्हटलं नाही ते आज एकदा म्हटलं तर कोण विचारणार आहे? हे निघत नाही. चार शब्दसुद्धा नाहीत. नाहीतर घाव जरा जास्त जोरात बसला, डिस्क फुटली, तुकडे भंगारात गेले. कुणाला काय कळणार?

डेलिया बोलत होती. इतके दिवस कुणाशी बोलली नव्हती ती सगळं आजच बोलत होती. "जानेवारीपासून गाडी किंचाळायची, फर्न. ब्रेक मारला की असा आवाज, माझे दात शिवशिवायचे. त्याला बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं. मी म्हटलं, फर्नकडे घेऊन जा. तर म्हणाला, 'फर्ननं बघितलंय ना ऑक्टोबरात, मग झालं. थंडीनं ओरडत असेल.' तुझ्यावर फार विश्वास त्याचा."

हातोडा स्टडवर बसला. तसा चुकार घाव फर्नचा कधी बसत नसे. त्यानं कपाळ पुसलं.

दीड तास झाला. बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. डेलिया उठली, जवळ आली, आणि भावाच्या लाल झालेल्या हातांकडे बघून म्हणाली, "निघत नसेल तर राहू दे रे. माझ्यासाठी कशाला हाल करून घेतोस?"

दार आयतं उघडलं होतं. फर्ननं हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "निघेल. आणखी एक रीत आहे."

कॅलिपर जिथं बसतो त्या कानांच्या भोकांतून त्यानं दोन लांब बोल्ट घातले, त्यांवर नट चढवले, आणि बोल्टांची टोकं मागून डिस्कला टेकवली. एका पान्यानं हा नट पाव फेरा, मग तो पाव फेरा. मग पुढून दोन घाव. पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या खेपेला कडकन आवाज झाला, गंजाचा धुरळा उडाला, आणि डिस्क सुटून त्याच्या मांडीवर आली. अख्खी.

ती त्यानं बाकावर डावीशेजारी पालथी ठेवली, आतलं अंग वर करून, आणि दिवा ओढून तिच्यावर आणला. आत खोल, ओरबाडल्यासारख्या वर्तुळाकार खाचा होत्या. एका जागी तर लोखंड झिजून कागदाइतकं उरलं होतं.

"लायनर कधीच गेलेलं होतं," फर्न म्हणाला.  "घासून घासून इतकं झिजलं की पिस्टन बाहेर आला आणि सगळं तेल गेलं, आणि डावा ब्रेकही त्याच तेलावर चालतो. त्यानं पाय दाबला असणार, डेलिया. पार खालपर्यंत दाबला असणार. खाली काही नव्हतंच."

"म्हणजे तो थांबत होता."

"थांबत होता. आणि ऐक. हे ऑक्टोबरात सुरू झालेलं होतं. चाक काढलं असतं तर पॅडला पडलेल्या चिरा दिसल्या असत्या. मी काढलं नाही. माझ्या हातून गेला तो."

पण डेलिया ऐकत नव्हती. तिनं त्या खाचांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग बाकावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती, चर्चमध्येही नाही. "थांबत होता रे माझा रोझेर," ती म्हणत होती, "घरी येणार होता." फर्न तिच्या पाठीवर हात ठेवू की नको करत उभा होता. तिनं आपल्याला शिव्या द्याव्यात, मारावं, असं त्याला वाटत होतं.

मग रडणं मध्येच थांबलं. तिनं मान वर केली.

"धिरडी," ती म्हणाली.

"काय?"

"तू जॅक काढला होतास. मी म्हटलं, राहू दे."

फर्ननं तिच्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, "तू काही म्हटलं नाहीस. तू गाडीत बसली होतीस, काच वर होती. मलाच कंटाळा आला."

"काच खाली होती, फर्न."

 शेगडीतलं लाकूड विझत आलं तरी दोघांपैकी कुणी उठून दुसरं घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी फर्न दोन्ही डिस्क पोत्यात घालून शेरीफच्या कचेरीत गेला आणि जे होतं ते सांगितलं. डेलियाचं नाव त्यानं घेतलं नाही. परवाना गेला, तो त्यानं भिंतीवरून स्वतःच उतरवून नेला होता. रविवारी प्रार्थना सुटल्यावर डेलिया चर्चच्या पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रोझेरचा ब्रेक गेला होता. तो थांबत होता." लोकांनी खाली माना घातल्या. मग आमचं गाव फर्नवर उलटलं. आणि कशासाठी म्हणाल? रोझेर गेला म्हणून? छे! आता स्टिकरसाठी चाळीस मैल जावं लागतं आणि तिथं चाकं काढून दरवेळी काहीतरी खोट काढतात म्हणून. "एवढं बोलायची काय गरज होती," असं म्हणणारे मी माझ्या कानांनी ऐकलेत, आणि मला त्यांची शरम वाटते. उबाल्ड तेवढा येऊन बादलीवर बसत राहिला. टोमणे मात्र त्यानं बंद केले, आणि फर्नला ते फार लागलं.

ऑक्टोबर आला. फर्नच्या स्वतःच्या पिकअपचा स्टिकर संपला. सकाळी तो निघाला तेव्हा डेलिया फाटकाशी उभी होती. ती शेजारी येऊन बसली. चाळीस मैलांत दोघं दहा शब्दही बोलली नाहीत.

तिथल्या गॅरेजचा मालक पन्नाशीचा माणूस. फर्नला बघताच हात पुसत पुढं आला. "अहो, सूसी! तुमची गाडी मी काय तपासणार? डिस्क काढायला आम्ही तुमच्याकडून शिकलो." त्यानं चाकाच्या भोकातून बॅटरी मारली. "जाड आहेत पॅड. चिकटवून देतो, पाच मिनिटांत मोकळे करतो तुम्हाला. जेवायची वेळ झालीय."

फर्ननं तोंड उघडायच्या आत डेलिया गाडीतून उतरली होती.

"चाकं काढा," ती म्हणाली.

"चारही?"

"चारही. आम्ही बसतो."

भिंतीशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तिथं ती दोघं शेजारी शेजारी बसली आणि पहिलं चाक निघेपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही.